खोली वजा करून

एप्रिल निम्मा सरला की सोलापुरात घरोघरी एकच काम निघतं. माळ्यावरचा कूलर खाली उतरवायचा, बाजूच्या जाळ्यांमधलं गवत बदलायचं, पंपावर साचलेला पांढरा क्षार खरवडायचा. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी एका वर्षी कूलरची टाकीच गंजून गळायला लागली, म्हणून नवा घ्यायला मी बाजारात गेलो. दुकान रहदारीच्या रस्त्यावर, पुढून सगळं उघडं. दुकानदारानं कूलर लावून दाखवला. मी कान जवळ नेला, तर वाऱ्याची सळसळ तेवढी ऐकू आली. ‘आवाजच नाही बघा,’ तो म्हणाला. मलाही ते पटलं.

त्याच रात्री आमच्या मधल्या खोलीत तो सुरू केला आणि दहा मिनिटांत आई उठून बसली. ‘ऐकून घेतलास ना रे दुकानात? मग हा दुसराच दिला काय त्यांनी?’

कूलर तोच होता. दुकानदारानं फसवलंही नव्हतं. बदलली होती ती भोवतालची जागा. दुकानात रिक्षा, हॉर्न आणि माणसांच्या गलक्यानं कूलरचा आवाज झाकून टाकला होता, आणि जो उरत होता तो दुकानाच्या उघड्या तोंडातून रस्त्यावर निघून जात होता. आमच्या मधल्या खोलीत रात्रीची शांतता, जाड दगडी भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. यांतलं काहीही आवाज पीत नाही. कूलरनं टाकलेला आवाज भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून छतावर आपटत राहतो आणि प्रत्येक फेरीत आईच्या कानावरून जातो.

मग या कूलरचा स्वतःचा आवाज कोणता? दुकानातला, की मधल्या खोलीतला? दोन्ही नाही. कूलर, मिक्सर, फ्रिज, प्रिंटर, लॅपटॉपमधला बोटभर पंखा, यांतल्या कुठल्याही वस्तूचा आवाज आपण ऐकतो तेव्हा ती वस्तू आणि भोवतीची खोली अशी बेरीज ऐकत असतो. वस्तूचा खरा आकडा हवा असेल तर त्या बेरजेतून खोली वजा करावी लागते. लहानशा यंत्राचा आवाज मोजण्यासाठी आधी अख्खी इमारत उभारावी लागते ती याचसाठी.

आमच्या गळक्या टाकीकडे पुन्हा एकदा बघू. टाकीवर एक नळ सोडला आहे, धार ठरलेली आहे. टाकीला खाली भोकं आहेत. भोकं बारीक असतील तर पाणी वर चढत जाईल आणि बऱ्याच उंचीवर स्थिरावेल. भोकं मोठी असतील तर त्याच धारेखाली पाणी टाचेएवढंच राहील. पाण्याची उंची पाहून कुणी म्हणालं, ‘पहिला नळ मोठा आहे,’ तर ते चूक ठरेल. नळ एकच आहे, भोकं वेगळी आहेत. कूलरमधून दर सेकंदाला बाहेर पडणारी ध्वनीची ऊर्जा म्हणजे ही धार. तिला ध्वनिशक्ती म्हणतात आणि ती वॅटमध्ये मोजता येते. मायक्रोफोनला किंवा कानाला जाणवतो तो ध्वनिदाब म्हणजे पाण्याची उंची. गाद्या, पडदे, कपडे, माणसं आणि उघड्या खिडक्या म्हणजे भोकं.

घोटाळा असा, की ध्वनिशक्ती आणि ध्वनिदाब हे दोन्ही डेसिबलमध्येच सांगण्याची पद्धत आहे. ध्वनिदाबाचा शून्य २० मायक्रोपास्कलवर धरतात. हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण पाचशे कोटीव्या भागाएवढा आहे, आणि तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या आसपासचा आहे. ध्वनिशक्तीचा शून्य म्हणजे एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग. या मापानं ६० डेसिबल ध्वनिशक्तीचा कूलर आवाजाच्या रूपात फक्त एका वॅटचा दहा लाखावा भाग बाहेर टाकतो. मोटर दीडशे-दोनशे वॅट वीज घेते, आणि तिच्यातल्या या नगण्य तुसावर घरातल्यांची झोप अवलंबून असते.

डेसिबलची बेरीजही आपल्या सवयीची नाही. ६० चे दोन कूलर शेजारी लावले तर १२० होत नाहीत, ६३ होतात. सोलापूरच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये याची दुसरी बाजू दिसते. चोवीस सारखे माग चालू आहेत आणि त्यांतला एक बंद केला, तर मीटरवरचा आकडा डेसिबलच्या पाचव्या भागानंही उतरत नाही. म्हणजे शेडमध्ये उभं राहून एका मागाचा आवाज मोजणं जवळजवळ अशक्य. धोटा या पेटीतून त्या पेटीत आपटत असताना तिथे जो आकडा मिळतो तो सगळ्या शेडचा असतो, आणि साध्या मागांच्या शेडमध्ये तो नव्वदच्या वर सहज जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी धरलेली मर्यादा ९० आहे. शहराच्या पूर्वभागात कित्येक पिढ्यांनी या आवाजात आयुष्य काढलं. घरी आल्यावरही मोठ्यानं बोलणारी ती माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि आवाजाच्या मोजमापाकडे माझं लक्ष ओढलं गेलं ते त्यांच्यामुळे.

खोली आवाजात किती भर घालते हे पहिल्यांदा नीट मोजलं ते वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, त्यामुळे पुढची दहा-पंधरा अक्षरं आधीच्या अक्षरांवर चढायची. सॅबिननं ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या घेतल्या. शहर निजल्यावर, मध्यरात्रीनंतर, तो आणि त्याचे मदतनीस गाद्या उचलून आणायचे, रांगेनं मांडायचे, नळी वाजवून थांबवायचे आणि आवाज विरायला लागलेला वेळ मोजायचे. पहाटेपूर्वी सगळ्या गाद्या परत जागेवर. यातून त्याचं साधं सूत्र निघालं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा, आणि खोलीच्या एकूण शोषणानं भागा. घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो. शोषणासाठी त्यानं निवडलेलं एकक मला फार आवडतं : उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण.

सॅबिनपाशी गाद्या होत्या, सोलापुरात चादरी आहेत. आमची मधली खोली साधारण चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच. घनफळ ३६, भिंती-छत-फरशी मिळून पृष्ठभाग ६६ चौरस मीटर. चुना आणि फरशी यांचं शोषण शेकडा तीन धरलं तर सगळ्या खोलीचं मिळून दोन एकक. सूत्रात घातलं की उत्तर जवळजवळ तीन सेकंद. रिकाम्या, दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत टाळी वाजवली तर तिचं शेपूट खरंच तेवढं लांब ऐकू येतं. आता दोऱ्या बांधून, भिंतींपासून वीतभर पुढे, सहा जाड सोलापुरी चादरी टांगू. एकेरी चादर साडेतीन चौरस मीटरच्या आसपास असते. सहांचे वीस झाले, आणि मधल्या पट्टीतल्या स्वरांसाठी शोषण निम्मं धरलं तरी दहा एककांची भर. दोनाचे बारा झाले. घुमण्याचा काळ अर्ध्या सेकंदावर.

याच खोलीत ६० डेसिबल ध्वनिशक्तीचा कूलर जमिनीवर ठेवून एक मीटरवरून मोजला तर काय येईल, याचाही हिशेब करता येतो. रिकाम्या खोलीत सुमारे ६३. एक चौरस मीटरची खिडकी उघडली तर ६२ च्या जरा खाली. चादरी टांगल्यावर सुमारे ५७. आणि भिंती-छत नाहीतच, फक्त खालची फरशी आहे अशा जागी ५२. कूलरला कुणी हात लावलेला नाही. ६३ आणि ५२ यांत ११ डेसिबलचं अंतर आहे आणि ते सगळं खोलीचं आहे. यंत्राच्या खोक्यावर नुसतं ‘५५ डेसिबल’ छापलेलं असेल तर ते वाचून मला काहीच कळत नाही. कुठून मोजले, कुठल्या खोलीत, आणि हा दाब आहे की शक्ती, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धा आहे.

मी चादरी वीतभर पुढे टांगल्या म्हटलं, त्याला कारण आहे. आवाज म्हणजे हवेच्या कणांचं पुढेमागे हलणं. कापड त्या हलण्याला घासून अडवतं आणि त्याची किंचित उष्णता करतं. पण भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलूच शकत नाही, तिला जागाच नसते. ती सर्वांत जोरात हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. हजार हर्ट्झच्या, म्हणजे शिट्टीकडे झुकणाऱ्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, तिचा पाव भाग साडेआठ. वीतभर अंतर त्याला पुरतं. पण कूलरच्या मोटरची घरघर १०० हर्ट्झची असते, कारण आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि चुंबकाचं ओढणं त्याच्या दुप्पट. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर, तिचा पाव भाग ८५ सेंटिमीटर. म्हणून चादर सळसळ पिते आणि घरघर तशीच सोडते.

चाचणीच्या खोलीची सगळी बांधणी या ८५ सेंटिमीटरभोवती फिरते. भिंतींवर आणि छतावर काचतंतूंच्या किंवा फोमच्या लांब पाचरी बसवतात, टोक खोलीकडे, बूड भिंतीकडे. लाट टोकांमधल्या फटींत शिरते, तिला एकदम आडवं काही लागत नाही, जसजशी आत जाते तसतशी सामग्री दाट होत जाते आणि ती आतल्या आत जिरते. १०० हर्ट्झपर्यंतचा आवाज जिरवायचा तर पाचर आणि तिच्यामागची पोकळी मिळून जवळजवळ एक मीटर खोली लागते. म्हणजे आत चार मीटरची जागा हवी असेल तर बाहेरून सहा मीटर बांधायला हवं. अशी खोली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हार्वर्डमध्ये ध्वनिशास्त्रज्ञ लिओ बेरानेक यांनी उभारली आणि तिला ‘ॲनेकॉइक’, म्हणजे प्रतिध्वनी नसलेली, हे नाव दिलं. मराठीत मी तिला मुकी खोली म्हणतो. १९५१ साली संगीतकार जॉन केज त्याच विद्यापीठातल्या मुक्या खोलीत गेला. पूर्ण शांतता ऐकायला मिळेल या अपेक्षेनं गेलेल्या केजला दोन स्वर ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा. खालचा तुझ्या रक्ताभिसरणाचा, असं त्याला तिथल्या अभियंत्यानं सांगितलं.

या खोलीचं अगदी दुसरं टोक आमच्या घरापासून फार लांब नाही. विजापूर वेशीचा रस्ता धरून शंभरेक किलोमीटर गेलं की गोल घुमट. सतराव्या शतकात मोहम्मद आदिलशहाच्या कबरीवर उभारलेल्या त्या घुमटाखाली एक टाळी वाजवली तर ती अनेकदा परत येते, आणि वरच्या सज्ज्यात भिंतीशी तोंड नेऊन केलेली कुजबुज पलीकडच्या माणसाला कानाशी बोलल्यासारखी लागते. सी. व्ही. रामन यांनी भारतातल्या अशा कुजबुजणाऱ्या सज्ज्यांचा अभ्यास केला तेव्हा गोल घुमटाचाही विचार केला होता. शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्यांनी तिथे ओरडून पाहिलं आहे. मोजमापाच्या शास्त्रात अशा घुमऱ्या जागेलाही मान आहे. भिंती मुद्दाम कडक आणि तिरप्या केलेली ‘घुमरी खोली’ बांधतात. तिच्यात आवाज इतक्या दिशांनी फिरतो की मायक्रोफोन कोपऱ्यापासून आणि यंत्रापासून दूर, कुठेही ठेवला तरी साधारण सारखाच आकडा येतो. भोकं किती हे घुमण्याच्या काळावरून कळलेलं असतं, मग पाण्याच्या उंचीवरून नळाची धार काढता येते. मुक्या खोलीत टाकीच काढून टाकायची, घुमऱ्या खोलीत टाकी नीट ओळखून घ्यायची. दोन्ही वाटांनी खोली वजाच होते. फक्त घुमऱ्या खोलीत आवाज कुठल्या बाजूनं जास्त निघतो हे कळत नाही, आणि यंत्र सुधारणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं ठिकाण म्हणजे पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, थोडक्यात एआरएआय. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. गाड्या आणि इंजिनं हा तिचा मुख्य विषय, पण कायद्यानं डिझेल जनरेटरच्या आवाजाची तपासणी ज्या मोजक्या संस्थांकडे सोपवली त्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेबरोबर तिचंही नाव आहे. तिथे अर्धमुकी खोली आहे. भिंती आणि छत पाचरींचं, फरशी मात्र कडक, कारण गाड्या, जनरेटर, कूलर ही सगळी जमिनीवर उभी राहणारी मंडळी. जमिनीवरून परत येणारा आवाज त्यांच्या खऱ्या आयुष्याचाच भाग असतो.

अर्धमुक्या खोलीत एखादं लहान यंत्र कसं मोजतात ते बघण्यासारखं आहे. सुरुवात यंत्रापासून होत नाही, मायक्रोफोनपासून होते. त्याच्या तोंडावर एक लहानशी डबी बसवतात. ती हजार हर्ट्झवर बरोबर ९४ डेसिबलचा, म्हणजे एक पास्कल दाबाचा आवाज देते, आणि मीटर तेवढाच दाखवतोय ना ते बघतात. पिस्टनच्या जातीची डबी असेल तर तिच्याबरोबर वायुदाबमापकही लागतो, कारण तिचा आवाज त्या ठिकाणच्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे. तीच डबी मुंबईच्या किनाऱ्यावर आणि सोलापुरात वापरली तर जवळजवळ अर्ध्या डेसिबलचा फरक पडतो. हा फरक जो विसरला त्याचं पुढचं सगळं काम अर्ध्या डेसिबलनं वाकडं.

मग यंत्र मधोमध ठेवायचं. मिक्सर, प्रिंटर अशी टेबलावरची वस्तू असेल तर टेबलही ठरलेलं, जाड लाकडाच्या फळीचं. घरच्या पत्र्याच्या टेबलावर ठेवलेला मिक्सर त्या पत्र्यालाच वाजवतो, आणि मग मोजला जातो तो टेबलाचा आवाज. कूलर असेल तर गवत भिजलेलं, पंप चालू, पाणी ठरलेल्या पातळीवर, कारण कोरडा कूलर आणि पाझरता कूलर यांचा आवाज वेगळा. यंत्राभोवती एक काल्पनिक अर्धगोल धरतात आणि त्याच्या पृष्ठभागावर, सर्वसाधारण पद्धतीत दहा ठिकाणी, मायक्रोफोन उभे करतात. काही जमिनीजवळ, एक थेट यंत्राच्या डोक्यावर. माणसं बाहेर जातात, जाड दार बंद होतं. आत थांबलेला माणूस आवाज करतोच, शिवाय कपड्यांनी आवाज पितोही.

आधी यंत्र बंद ठेवून खोलीची स्वतःची शांतता मोजतात. मग यंत्र चालू. दहा आकडे येतात आणि त्यांची सरासरी काढायची असते, पण शाळेतली नव्हे. एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ६० असेल तर सरासरी ५५ येत नाही. डेसिबलमधून ऊर्जेत उतरून सरासरी काढायची आणि पुन्हा डेसिबलमध्ये चढायचं, तेव्हा ५७.४ येते. मोठी बाजू हिशेबात मोठीच राहते.

शेवटची पायरी मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी वाटते. अर्धगोलाची त्रिज्या एक मीटर असेल तर त्याचा पृष्ठभाग ६.२८ चौरस मीटर, आणि डेसिबलच्या हिशेबात त्याचे होतात ८. सरासरी दाब ५२ आला असेल तर ध्वनिशक्ती ६०. आता मायक्रोफोन दोन मीटरवर न्या. आवाज पसरतो, दाब ६ नं उतरून ४६ होतो. पण अर्धगोल चौपट मोठा होतो, त्याचे १४ होतात. ४६ आणि १४, पुन्हा ६०. जवळून मोजा, लांबून मोजा, यंत्राचा आकडा हलत नाही. आता तो पेठेतल्या खोलीचाही नाही आणि दुकानाचाही नाही, फक्त त्या यंत्राचा आहे.

वस्तू जितकी लहान आणि शांत, तितकं हे काम अवघड होत जातं. भोवतालची शांतता यंत्रापेक्षा १५ डेसिबलनं खाली असेल तर तिचा विचार करावा लागत नाही. अंतर १० चं असेल तर जेमतेम अर्धा डेसिबल वजा करायचा. पण अंतर ३ वर आलं की मीटरवरच्या आवाजात निम्मा वाटा यंत्राचा आणि निम्मा खोलीचा असतो, आणि अचूक पद्धतींत अशी मोजणी चालत नाही. आपल्या देशाच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादाच ४५ आहे. वीस-पंचवीस डेसिबलचा लॅपटॉपचा पंखा त्या रात्रीत मोजणं म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये कुणाच्या मनगटावरचं घड्याळ ऐकणं. म्हणून मुकी खोली दुसऱ्या खोलीच्या आत, स्प्रिंगांवर किंवा रबरावर तरंगती बांधतात, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा पायातून चढत नाही. अमेरिकेत रेडमंडला मायक्रोसॉफ्टची अशी खोली आहे. २०१५ साली तिथली शांतता शून्याच्याही २० डेसिबल खाली मोजली गेली. हवेच्या कणांच्या स्वतःच्या धडपडीचा आवाज त्यापेक्षा फारसा खाली नाही. कीबोर्डची कळ, माउसची टिचकी, सर्किटवरच्या कपॅसिटरची कुणकुण असल्या गोष्टी तिथे ऐकतात.

संगणकांच्या जगात दाब आणि शक्ती यांचा घोटाळा टाळायला एक चांगली युक्ती बरीच वर्षं वापरात होती. ध्वनिशक्ती डेसिबलमध्ये न छापता बेलमध्ये छापायची. दहा डेसिबलचा एक बेल. माहितीपत्रकात ‘५.२ बेल’ दिसलं की ती शक्ती, ‘४१ डेसिबल’ दिसलं की तो शेजारी बसलेल्या माणसाला जाणवणारा दाब. पुढे तीही डेसिबलमध्येच छापायची मुभा मिळाली, याचं मला वाईट वाटतं.

आपल्या कायद्यात या दोन्ही भाषा शेजारीशेजारी आहेत. भारनियमनाच्या वर्षांत पेठेतल्या दुकानांपुढे फुटपाथवर पेट्रोल-रॉकेलचे छोटे जनरेटर धडधडायचे, ते सोलापूरकरांना आठवत असतील. १ सप्टेंबर २००३ पासून त्यांच्यासाठी मर्यादा आली ८६ डेसिबलची. मोठ्या, पेटीबंद डिझेल जनरेटरला २००५ पासून ७५. वाचणाऱ्याला वाटेल, छोट्याला मोठ्यापेक्षा ११ डेसिबलची सूट. पण ८६ ही ध्वनिशक्ती आहे आणि ७५ हा पेटीपासून एक मीटरवरचा दाब. ८६ शक्तीचा जनरेटर उघड्यावर एक मीटरवरून मोजला तर ७८ च्या आसपास येईल. अंतर खरं ११ चं नाही, तीनेकचं आहे.

घरातल्या वस्तूंनाही पर्यावरण नियमांत मर्यादा आहेत हे फार कमी जणांना माहीत असतं. कारखान्यातून बाहेर पडतानाच्या या मर्यादा ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत गाठायच्या होत्या : एक ते दीड टनाच्या खिडकीतल्या एसीला ६८, एअर कूलरला ६०, फ्रिजला ४६. युरोपात २०२१ पासून फ्रिजच्या लेबलवर ध्वनिशक्तीचा आकडा आणि त्याचा वर्ग छापतात. ३० च्या खाली असेल तर अ वर्ग, ४२ किंवा त्याहून वर असेल तर शेवटचा ड. आकडा दारावरच असल्यानं गिऱ्हाईक दोन फ्रिज शेजारीशेजारी ठेवून तुलना करू शकतं. आमच्या दुकानदारापाशी मला दाखवायला असा आकडा असता तर मी तो बघून कूलर घेतला असता. त्याच्यापाशी होता तो ‘सायलेंट’ हा शब्द, आणि हा शब्द कुठल्याही खोलीत मोजता येत नाही.

फटाक्यांची गोष्ट मात्र वेगळी. सुतळी बॉम्ब कुणी मुक्या खोलीत फोडत नाही. १९९९ च्या नियमांनुसार स्फोटाच्या जागेपासून चार मीटरवर एका फटाक्याला १२५ डेसिबलची मर्यादा आहे आणि लडीला त्याहून कमी. शंभर फटाक्यांची लड असेल तर १० नं कमी. मोजणी उघड्यावर, कडक काँक्रीटवर, आणि १५ मीटरच्या आत आवाज परतवणारं काही नको. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आवाज फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मुंबईत चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्याच्या मैदानावर दिवाळीआधी अशा चाचण्या घेतल्या आहेत. मैदान ही आकाशाएवढ्या छताची मुकी खोलीच म्हणायची. आमच्या पेठेतल्या बोळांत मात्र समोरासमोरच्या भिंतींमध्ये १५ मीटर कुठून असणार? मैदानावर नियमात बसलेला फटाका बोळात फुटतो तेव्हा भिंतींची भर त्याच्यावर चढलेली असते, आणि पाळण्यातलं मूल दचकतं ते त्या बेरजेनं.

आकडा नीट मोजला तरी एक गोष्ट त्यात पुरती मावत नाही. मीटरमध्ये ‘ए’ नावाची गाळणी असते. आपला कान खालचे स्वर कमी ऐकतो, म्हणून ती गाळणीही ते कमी धरते. १०० हर्ट्झवर ती तब्बल १९ डेसिबल कापते. वाऱ्याची सळसळ तिच्यातून जवळजवळ तशीच जाते, मोटरची घरघर मात्र झडून जाते. पण रात्री अडीच वाजता सळसळीची सवय होते आणि एकाच सुरात लागलेली घरघर टोचत राहते. लहान यंत्रांच्या प्रमाणित चाचणीत म्हणून हा ‘उठून दिसणारा सूर’ वेगळा शोधतात. त्याच्या आजूबाजूच्या पट्टीतल्या आवाजापेक्षा तो किती वर आहे ते बघून अहवालात तशी नोंद करतात. एकूण आकडा सारखा आलेल्या दोन पंख्यांपैकी एक घरात ठेवावासा वाटतो आणि दुसरा नाही, याचं कारण बहुतेक वेळा या नोंदीत सापडतं.

आमच्या कूलरचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मधल्या खोलीत चादरी टांगल्यावर सळसळ पुष्कळ उतरली, पण आई म्हणाली, ‘ते घूं घूं तेवढं जात नाही बघ.’ ८५ सेंटिमीटर पुढे चादर टांगायची तर चालायला जागा उरली नसती. मग आम्ही कूलर खोलीतून काढून खिडकीच्या बाहेर लोखंडी घोडीवर ठेवला, पुष्कळ घरांत ठेवतात तसा. खोली त्याच्याकडून निम्मीशिम्मी सुटली. घूं घूं तरीही होतीच. एका रात्री सहज बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरला आणि सूर तुटला. मोटर थोडं गुणगुणत होती आणि पत्रा ते मोठ्यानं गात होता. घोडीच्या पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे सरकवले, मोटरच्या बोल्टखाली रबराचे वायसर घातले, पत्र्याच्या मधोमध आतून एक जाड पट्टी ठोकली.

त्या रात्री पहिल्यांदा गवतावरून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला. आई निजली. मी जागा होतो, आणि मला शेजारच्या घरातला कूलर ऐकू यायला लागला.